व्याहीबुवा, विहीणबाई

मंडळी, नमस्कार.

आपल्यातल्या बऱ्याच घरांत सध्या मुलांच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, म्हणून आज 'व्याही' या नात्याबद्दल बोलतो.

मुलाचे आणि मुलीचे आईवडील हे एकमेकांचे व्याही आणि विहिणी. विवाहातूनच आलेला हा शब्द मला फार आवडतो, कारण तो दोन्हीकडून सारखाच चालतो. तुम्ही माझे व्याही, मी तुमचा व्याही. प्रथा मात्र तशा नव्हत्या. वरमाईचे पाय धुवायचे मुलीच्या आईने, मानपान सांभाळायचा मुलीकडच्यांनी. वरपक्षाच्या पंगतीला मुलीकडच्या बायका 'विहीण' म्हणायच्या, त्या गाण्याला नावही हेच. लेक तुमच्या पदरी घातली, सांभाळून घ्या, अशी ती विनवणी. ती ऐकताना आजही पोटात कालवतं. तशी विनवणी यापुढे कोणत्याही आईला करावी लागू नये. नातं मात्र राहायला हवं.

आपली मुलं आता गुजराती, बंगाली, तेलुगू, अमेरिकन घरांत जातात. गुजरातीत वेवाई आणि वेवाण, बंगालीत बेयाई आणि बेयान, तेलुगूत वियंकुडु, हिंदीत समधी आणि समधन. स्पॅनिशमध्येसुद्धा कॉन्सुएग्रो आहे. इंग्रजीत 'माझ्या मुलीच्या नवऱ्याचे वडील' असं लांबण लावावं लागतं. हाक मारायला नाव नसलं की लग्नानंतर ही माणसं दिवाळीच्या एका मेसेजपुरती उरतात.

माझे व्याही गुजराती, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात. साखरपुड्यात त्यांनी 'आवो वेवाई' म्हणून मिठी मारली तेव्हा मी जरा अवघडलो होतो. पुढे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी-जावई कामावर, आणि हे गृहस्थ भर दुपारी दारात उभे, हातात थेपले आणि गरम मुगाच्या खिचडीचा डबा. मुलांना विचारलंही नव्हतं. मुलांमुळे जुळलेलं नातं त्यांच्या मध्यस्थीशिवाय चालू लागलं ते त्या दिवसापासून.

तेव्हा लग्नात व्याहीभेट गाळू नका, भले बाकीचे दोन विधी कमी करा. अमेरिकन व्याह्यांनाही 'व्याहीबुवा' अशी हाक मारा, अर्थ समजावून सांगा. आणि आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती: येत्या गणपतीच्या निमंत्रणात 'सहकुटुंब' लिहाल, त्यापुढे 'व्याह्यांसह' एवढं जोडा. स्वयंपाकाचं मी बघतो.