हुंड्यातला किल्ला

सिद्धेश्वर तलावाच्या या काठावरून मंदिराचे फोटो सगळेच काढतात. आपण जरा मान वळवू. पाण्याला लागून उभी असलेली ही काळी तटबंदी म्हणजे सोलापूरचा भुईकोट.

इथे ना डोंगर, ना कडा. संरक्षण सगळं माणसानंच उभं करायचं. म्हणून तट एक नाही, दोन. बाहेरचा बहमनी काळातला, चौदाव्या शतकातला. आतला त्याहून उंच. बाहेरच्या तटावर चढून आलेला शत्रू आतल्या बुरुजांच्या थेट माऱ्यात सापडणार. भोवती खंदक, आणि पूर्वेला खंदकाचं काम हा तलावच करतो. दाराच्या फळ्यांवरचे हे लोखंडी सुळे हत्तींसाठी. धडक द्यायला आलेल्या हत्तीचं कपाळच फुटावं म्हणून.

आत आलं की जुन्या मंदिराचे हे कोरीव खांब दिसतात. उत्खननात निघालेले. म्हणजे किल्ल्याच्या आधीही इथे नांदती वस्ती होती.

पण खरी गंमत या किल्ल्याच्या सोयरिकीची. १५२४ साली विजापूरच्या इस्माईल आदिलशहानं आपली बहीण बीबी मरियम नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. बोलणी सोलापुरातच झाली. सोलापूरचा किल्ला आणि साडेपाच परगणे आंदण द्यायचं ठरलं. लग्न लागलं, वऱ्हाड परतलं, आणि विजापूरनं हात वर केले! त्या एका न दिलेल्या हुंड्यापायी दोन्ही घराणी पुढची चाळीसेक वर्षं भांडत राहिली. वेढे पडले, किल्ला या हातातून त्या हातात गेला.

शेवटी तोडगा निघाला तोही लग्नातूनच, आणि चक्क साट्यालोट्याच्या. नगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला, अलीची बहीण नगरच्या शहजाद्याला. हुंडा? पुन्हा सोलापूरचा किल्ला. फक्त या खेपेला नगरकडून विजापूरला. होय, नगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी ती हीच.

सोयरीक जुळली, सुलतान एक झाले आणि जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर पडलं.

पुढे मुघल आले, मग मराठे. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोनं हा किल्ला पेशव्यांच्या फौजेकडून घेतला.

संक्रांतीला गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला आलात, तर पाळण्यात बसण्याआधी तासभर किल्ल्यात काढा. तलावाच्या अंगाच्या तटावर जरूर जा. मंदिराचा फोटो तिथूनही फक्कड येतो.