संगणक सुरू होताना कोण कोणासाठी थांबतं?

मंडळी, इंदुरात राहणाऱ्यांना सराफा समजावून सांगायला नको. रात्री सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याच्या किसाचे, दहीवड्यांचे ठेले लागतात. किसवाला थांबतो तो फक्त आपल्या समोरचं दुकान बंद होईपर्यंत. सगळा बाजार बंद व्हायची वाट पाहत बसला, तर धंदा करणार कधी?

संगणक सुरू होतानाही प्रश्न हाच असतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. तो सुरू होतो तेव्हा प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा प्रोग्राम, आपलं उपकरण तपासून जागं करतो. याला प्रोब म्हणतात. पूर्वी हे बहुतेक एकामागून एक चालायचं. हार्ड डिस्कच्या तबकड्यांना पूर्ण वेग घ्यायला काही सेकंद लागतात. यूएसबीची जोडणी स्थिर आहे ना, हे पाहायला कर्नल १०० मिलिसेकंद थांबतो. या सगळ्या वेळात प्रोसेसर रिकामाच असतो, म्हणून दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला तरी हा वेळ कमी होत नाही. विद्यार्थ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण बूट, म्हणजे संगणक सुरू होणं, मंद म्हटलं की पहिला संशय प्रोसेसरवरच जातो.

२००८ साली इंटेलच्या दोन अभियंत्यांनी आसूसच्या ईईई पीसी या छोट्या लॅपटॉपवर लिनक्स ५ सेकंदांत सुरू करून दाखवलं. कर्नलला १ सेकंद, सुरुवातीच्या सेवांना १, ग्राफिक्सला १, डेस्कटॉपला २, असा त्यांचा हिशेब होता. मला हा हिशेबच फार मोलाचा वाटतो. प्रत्येकाला आपल्या वाट्याचा वेळ आधीच ठाऊक होता. २००९ च्या २.६.२९ या कर्नल आवृत्तीत असिंक यंत्रणा आली, म्हणजे एक काम संपायची वाट न पाहता दुसरं सुरू करण्याची सोय. तेव्हा ती मागितली तरच चालू व्हायची; २.६.३० पासून आपोआप चालू राहू लागली.

तिची रचना सुंदर आहे. रांगेत टाकलेल्या प्रत्येक कामाला चढत्या क्रमाचं टोकन मिळतं. वेळखाऊ भाग सगळे एकदम उरकतात. पण उपकरणाची नोंदणी करण्याआधी ड्रायव्हर ‘माझ्या आधीची टोकनं संपली का?’ एवढंच विचारतो. कामं समांतर चालली तरी बाहेरून दिसणारा क्रम जुनाच राहतो.

हा क्रम सुटला की काय होतं, ते मी जुन्या नोकरीत पाहिलं आहे. आम्ही डिस्कचं प्रोबिंग समांतर केलं. रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये मात्र ‘एसडीबी’ (sdb) हे कर्नलने डिस्कला दिलेलं नाव थेट लिहिलेलं होतं. एका सकाळी दोन डिस्कची नावं अदलाबदल झाली आणि जुना बॅकअप चालू डेटावर लिहिला गेला. तीन दिवसांचं काम गेलं. ती चूक आमची होती. डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने, ओळखायला हवी होती; सापडण्याच्या क्रमावरून पडलेल्या नावावर विसंबायला नको होतं.

२०१५ च्या ४.२ आवृत्तीपासून ‘माझा प्रोब असिंक चालेल’ असं ड्रायव्हर स्वतःच सांगू शकतो. छोट्या बोर्डांवर अडचण निराळी असते: उपकरणाला लागणारा क्लॉक (ठोके देणारा सिग्नल) किंवा वीजपुरवठा अजून तयारच नसतो. अशा वेळी ड्रायव्हर ‘मला नंतर बोलवा’ म्हणून परत जातो आणि कर्नल त्याला पुन्हा हाक मारतो.

घरी गेल्यावर कर्नलच्या कमांड लाइनमध्ये ‘इनिटकॉल डीबग’ (initcall_debug) हा पर्याय घाला. कोणत्या कामाला किती मायक्रोसेकंद लागले, ते डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) छापून येईल. सगळ्यात जास्त वेळ घेणारा ड्रायव्हर निवडा, त्याचा कोड उघडा आणि आधी ‘एमस्लीप’ (msleep), म्हणजे ठराविक मिलिसेकंद थांबायला सांगणारी ओळ, कुठे आहे ते शोधा.