चिंबोरीच्या कवचातला गोल जिना

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या रविवारी वर्सोव्याच्या बाजारातून चिंबोऱ्या आणल्या. रस्सा झाला, आणि माझ्या ताटात एक चांगला जाडजूड डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी, आला. बत्त्याने एक ठोका दिला, तर नुसता बारीक तडा गेला. दुसऱ्या ठोक्याला तडा थोडा पुढे सरकला आणि वाकडा वळला. तिसऱ्या ठोक्याला कुठे आतलं मांस दिसलं. त्याच दुपारी हातून काचेचा पेला निसटला, तो मात्र पहिल्याच आपटीत चक्काचूर!

चिंबोरीच्या कवचात असं असतं तरी काय? कायटिन नावाच्या द्रव्याचे तंतू, म्हणजे झुरळाच्या पाठीत असतात तेच. त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं. आणि चुनखडीत असतं ते कॅल्शियम कार्बोनेट. यातलं काहीच पोलादी नाही. सगळी करामत रचनेची आहे.

दादरला कापड घेताना पाहिलं असेल तुम्ही. दुकानदार काठाशी कात्रीने जेमतेम बोटभर चीर देतो आणि दोन्ही हातांनी ओढतो. टर्रकन कापड सरळ रेषेत फाटत जातं. चिरेला दोऱ्याच्या कडेने धावायला आयती वाट मिळालेली असते. भेग कुठलीही असो, तिला अशी सोपी वाट हवी असते.

आता फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला असतो तो लोखंडी गोल जिना आठवा. प्रत्येक पायरी सरळच असते, फक्त खालच्या पायरीपेक्षा किंचित फिरवून बसवलेली. कवचात असंच आहे. एका पापुद्र्यातले सगळे तंतू एकमेकांना समांतर. त्यावरचा पापुद्रा जरासा फिरलेला, त्यावरचा आणखी जरासा. असे असंख्य पापुद्रे एकावर एक, आणि हा एकेक तंतू आपल्या केसाहून शेकडो पटींनी बारीक!

हे ओळखलं फ्रेंच जीवशास्त्रज्ञ इव्ह बुलिगाँ यांनी, 1965 च्या सुमारास. कवचाचा तिरका काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एकात एक बसलेल्या कमानींच्या ओळी दिसायच्या. तंतूच कमानीसारखे वाकलेले असावेत, असा समज होता. बुलिगाँ यांनी दाखवून दिलं की तंतू सरळच आहेत. फिरत जाणाऱ्या थरांना तिरकं कापल्यामुळे कमानीचा भास होतो. मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं. नवं यंत्र नाही, नवं रसायन नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या चित्राचा त्यांनी बरोबर अर्थ लावला. आज ही रचना त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

भेग या जिन्यात शिरली की तिचं काय होतं पाहा. तंतू तोडण्यापेक्षा दोन तंतूंच्या मधून जाणं तिला सोपं, म्हणून ती तशीच शिरते. पण पुढच्या थरात तंतूंची दिशा बदललेली असते, म्हणून तिलाही वळावं लागतं. पुढे पुन्हा वळण, पुन्हा वळण. भेगेलाच पीळ पडतो. तिचा पृष्ठभाग वाढत जातो, आणि असा नवा पृष्ठभाग उघडायला दर वेळी ऊर्जा खर्ची पडते. शिवाय वळलेल्या भेगेवर बाहेरची ओढ नीट लागत नाही, तिचा जोर कमी होतो. मोठी फूट पडण्याऐवजी आतल्या आत बारीक बारीक भेगा पडतात आणि तिथेच जिरतात.

याचा कळस पाहायचा तर मॅन्टिस श्रिंप पाहावा. हिंदी आणि प्रशांत महासागरात राहणारा, मोरासारख्या रंगांचा हा जीव. आपल्या गदेसारख्या अवयवाने तो शिंपले फोडतो, आणि ही गदा पाण्यातसुद्धा सेकंदाला सुमारे 23 मीटर वेगाने फिरते, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वर. तिचा बाहेरचा थर आपल्या दातांत असतं त्याच जातीच्या खनिजाचा, कठीण. त्याला तडे जातात. पण आत ही पीळदार रचना बसलेली असते, आणि तडे तिच्यात अडकून पडतात. 2012 मध्ये संशोधकांनी ही गदा आतून उलगडून दाखवली. तेव्हापासून कार्बन तंतूंचे थरही असेच थोडे थोडे फिरवून रचून पाहिले जात आहेत.

आणि श्रोतेहो, डेंगा फोडताना बत्ता धरलेल्या माझ्या हाताच्या हाडांतही कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू थराथराने दिशा बदलतच रचलेले आहेत.