दोन तास म्हणजे नेमके कशाचे दोन तास?

(गृहनिर्माण सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित करून.)

नमस्कार मंडळी. इथे बसलेले बहुतेकजण अध्यक्ष, सचिव नाहीतर खजिनदार आहेत. म्हणजे ठेकेदाराच्या कोटेशनवर सही तुमची असते. त्या कोटेशनमध्ये ‘फायरप्रूफ’, ‘एफआर’, ‘फायर रेटेड’ असं काहीबाही लिहिलेलं असतं. सगळं एकच, असं धरून आपण थेट दराकडे वळतो. मला आज तुम्हाला तिथेच थांबवायचंय. ‘फायरप्रूफ’ हा कुठल्याही चाचणीचा निकाल नसतो, तो आधी खोडून टाका. ‘एफआर’ (फायर रिटार्डंट) आणि ‘फायर रेटेड’ या उरलेल्या दोन शब्दांसाठी दोन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न असा, की ही वस्तू स्वतः पेटते का? पेटली तर ज्वाळा किती वेगाने पसरवते, धूर किती सोडते? दुसरा प्रश्न, की एका बाजूला आग असताना हा भाग तिला किती मिनिटं रोखून धरतो? एका प्रश्नात पास झालेली वस्तू दुसऱ्यात सपशेल नापास होऊ शकते.

लंडनचा ग्रेनफेल टॉवर घ्या. चोवीस मजली इमारत. 14 जून 2017 च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फ्रिजपाशी आग लागली आणि 72 माणसं गेली. काँक्रीटचा सांगाडा मात्र शेवटपर्यंत उभा राहिला. घात केला तो नूतनीकरणात बाहेरून बसवलेल्या आवरणाने. अॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मधे पॉलिइथिलीन, अशी ती रचना होती. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांना आणि इमारतींच्या दर्शनी भागाला जे ‘एसीपी’ लावतात, ते याच जातीचं. अॅल्युमिनियम वितळतं साधारण 660 अंशांना, पण त्याच्या कितीतरी आधी आतलं प्लास्टिक वितळून गळू लागतं, पेट घेतं. म्हणून एसीपी घेताना वरच्या पत्र्याची चमक बघू नका, आतला गाभा कशाचा आहे ते लेखी घ्या.

एफआर प्लायचंही तसंच. आयएस 5509 या भारतीय मानकाप्रमाणे रसायनांची प्रक्रिया केलेला हा प्लाय उशिरा पेटतो, ज्वाळा हळू पसरवतो. चांगली वस्तू आहे, लॉबीत जरूर लावा. पण तो शेवटी लाकूडच. जिन्याला दोन तासांचा दरवाजा लागतो तिथे ‘साहेब, एफआर प्लायचा करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी चिकटवलंय.

पोलादाचं नेमकं उलट. ते पेटत नाही. पण साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते आणि तुळई वाकते. म्हणून त्यावर काँक्रीट, जिप्सम बोर्ड किंवा फुगणारा रंग चढवतात. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एकवीस टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत मागची बाजू शंभर अंशांच्या फार वर जात नाही. हा रंग तर तव्यावरच्या फुलक्यासारखा फुगतो आणि पोलादाभोवती उष्णता अडवणारा जाड थर तयार करतो.

आता दरवाजा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. चाचणीत तो भट्टीच्या तोंडावर बसवतात. भट्टी अर्ध्या तासात 842 अंशांवर आणि दोन तासांत 1049 अंशांवर जाते. फटीतून ज्वाळा पलीकडे आली की अखंडता संपली. पलीकडची बाजू सुरुवातीच्या तापमानापेक्षा सरासरी 140 अंशांहून जास्त तापली की उष्णतारोधन संपलं. नुसत्या अखंडतेचा दाखला असलेला दरवाजा दोन तास ज्वाळा अडवेल, पण तेवढ्या वेळात त्याची पलीकडची बाजू हात लावता येणार नाही इतकी तापू शकते, आणि त्याच बाजूने लोक जिना उतरत असतात. म्हणून अहवाल मागवा आणि ‘120 मिनिटं’ नेमकी कशाची, ते वाचा.

आणि हा दाखला नुसत्या फळीचा नसतो. चौकट, बिजागऱ्या, कुलूप, कडेची फुगणारी पट्टी, दार आपोआप बंद करणारा डोअर क्लोजर या सगळ्यांसकट तो मिळालेला असतो. ग्रेनफेलमधला एक दरवाजा नंतर तपासला. तीस मिनिटांचा म्हणून बसवलेला तो दरवाजा साधारण पंधराव्या मिनिटाला गेला. तिथल्या कित्येक घरांच्या दारांना नीट चालणारे क्लोजरच नव्हते. आपल्याकडे आवाज होतो म्हणून क्लोजर काढतात, वारा यावा म्हणून झाडाची कुंडी टेकवून दार उघडं ठेवतात. उघडं दार आग शून्य मिनिटं अडवतं, मग त्यावर कुठलाही बिल्ला असो.

शेवटचा मुद्दा इलेक्ट्रिक डक्टचा. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधून केबल जाते, तिच्याभोवती भोक राहतं. ब्रॉडबँडवाला आणखी एक पाडतो. ही भोकं उघडी असली तर डक्ट म्हणजे धुराड्याची नळी. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, द्यावं लागतं. एजन्सीचा माणूस आला की त्याच्याबरोबर स्वतः जा, दर मजल्यावर डक्टचं दार उघडायला लावा, टॉर्च मारून बघा. भोक भरलेलं असेल तर कशाने भरलंय, ते विचारा. साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम स्वतःच जळतो. तो काढायला लावा आणि केबलसकट चाचणी झालेलं फायर सीलंट भरून घ्या, त्याचा अहवाल सोसायटीच्या फाइलला लावा.