तांब्याला चुंबक चिकटत नाही, पण…

(दृश्य: भांडी बाजार, नाशिक. दुकानाबाहेर मांडलेले हंडे, घागरी, बंब.)

जुन्या नाशकातला हा भांडी बाजार. या मठारलेल्या घागरीवर ठोक्यांच्या खुणा दिसतात ना? तिला चुंबक लावून बघू. टक्… आणि घसरला खाली. तांब्याला चुंबक चिकटत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

मग आता हे बघा.

(दृश्य: उभा धरलेला तांब्याचा पाइप. वरून चुंबक सोडला जातो.)

एसी बसवणाऱ्यांकडे असतो तसला पाइप. वरून छोटासाच, पण जोरदार चुंबक सोडला. कुठे न चिकटता तो रमतगमत उतरतोय! (असले चुंबक धाकट्या भावंडांच्या हाती देऊ नका हं. पोटात गेले तर ऑपरेशनची पाळी येते.)

त्याला अडवतात तांब्यातले इलेक्ट्रॉन. तांब्याचा प्रत्येक अणू साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो. हे मोकळे इलेक्ट्रॉन सेकंदाला दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगानं धातूभर भटकतात. चुंबक सरकला की त्यांच्यात विजेचे भोवरे उठतात, ते भोवरे स्वतःच चुंबकासारखे वागतात आणि पडणाऱ्या चुंबकाला रोखून धरतात.

आता चुंबक हलवायचा नाही. स्थिर ठेवायचा, पण ताकदवान घ्यायचा. चुंबकीय क्षेत्र पळत्या इलेक्ट्रॉनला ना पुढे ढकलतं, ना मागे ओढतं. फक्त बाजूला रेटतं. सारखा बाजूनं रेटा बसला की वाट वाकते, वाकत वाकत वर्तुळ होतं. क्षेत्र १ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजायचं एकक) असेल, तर तांब्यात या वर्तुळाची त्रिज्या मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी. (दवाखान्यातलं एमआरआय मशीन बहुधा दीड टेस्लाचं असतं.)

पण घागरीतल्या इलेक्ट्रॉनला एवढंसं वर्तुळही पुरं करता येत नाही. कुंभमेळ्यात, पर्वणीच्या दिवशी, रामकुंडावर कुणी फुगडी घालू म्हटलं तर जमेल? तीच गत. थरथरणारे अणू त्याला एका फेरीत हजाराहून जास्त वेळा अडवतात.

म्हणून तांबं द्रवरूप हेलियममध्ये थंड करायचं, उणे २६९ अंशांपर्यंत. थरथर शमते. शिवाय ते अगदी शुद्ध हवं, अणू शिस्तीत रांगेत बसलेले, म्हणजेच एकसंध स्फटिक. मठारलेलं चालत नाही; प्रत्येक ठोक्यानं रांग मोडते.

(दृश्य: तारेचं जाड वेटोळं. जनित्राची घरघर.)

आणि चुंबक? १९२०च्या दशकात केंब्रिजला शास्त्रज्ञ प्योत्र कपित्सा ताकदवान चुंबकाच्याच मागे लागले होते. वेटोळ्यात प्रचंड वीज सोडली तर वेटोळंच वितळणार. मग त्यांनी ती सोडली सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतीच, आणि मजल ३० टेस्लापर्यंत नेली. जनित्राला बसणाऱ्या झटक्यानं जमीन मात्र हादरायची. म्हणून वेटोळं ठेवलं २० मीटर दूर. हादरा तिथवर पोचेपर्यंत प्रयोग उरकलेला! मला तर ही युक्ती त्या चुंबकाहूनही आवडते.

१९३० साली भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांडाऊ यांनी गणित मांडलं: इलेक्ट्रॉनला मनाला येईल त्या मापाचं वर्तुळ घेता येत नाही, काही ठरावीक मापांचीच मुभा आहे. त्यामुळे क्षेत्र वाढवत नेलं की धातूचं चुंबकत्व हेलकावे खाणार. पण हे प्रत्यक्षात दिसणं अवघड, असंही त्यांनी लिहून टाकलं. त्याच वर्षी हॉलंडमध्ये, लायडनला, बिस्मथ धातूत ते हेलकावे दिसलेसुद्धा!

हे हेलकावे मोजून धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या गतीचा नकाशा काढता येतो. तांब्याचा नकाशा जवळपास गोल निघाला, पण आठ दिशांना आठ माना फुटलेला. या मानांमुळे क्षेत्र काही विशिष्ट दिशांनी लावलं, तर काही इलेक्ट्रॉनांचं वर्तुळ मिटतच नाही. वाट नागमोडी पुढे पुढे जात राहते. म्हणून तांब्याचा तोच थंडगार स्फटिक तीव्र क्षेत्रात नुसता थोडा वळवला, तरी त्यातून जाणाऱ्या विजेला होणारा विरोध कित्येक पटींनी बदलतो.