अंबरच्या शहरातली लेकरं

(दृश्य: खुलताबाद. मलिक अंबरची कबर.)

वेरूळ बघून शाळेच्या सहलीची बस परत निघाली की ती इथंही थांबवावी. या घुमटाखाली मलिक अंबर विसावला आहे.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेलं हे लेकरू लहानपणीच गुलाम म्हणून विकलं गेलं. अरबस्तान, बगदाद असं हातोहात विकलं जात ते दख्खनला आलं. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. तो चंगेजखानही एके काळी हबशी गुलामच होता. पुढं अंबरने सगळी निजामशाही पेलली. १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालच्या नहरीतून शहराला पाणी पुरवलं. गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणलं. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले.

(दृश्य: जहांगीरचं चित्र.)

अंबर काही केल्या हरेना, तेव्हा जहांगीर त्याच्या रंगावरून शिव्या देऊ लागला. हे चित्रही त्याच दरबारातलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या कापलेल्या शिरावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही. १६२६ मध्ये म्हातारपणी वारला. आठवी-नववीच्या मुलांना हे चित्र जरूर दाखवावं आणि विचारावं, बादशहाला असं चित्र का काढून घ्यावं वाटलं असेल?

(दृश्य: शाळेचा वर्ग.)

लहान लेकरं थेट विचारतात, "बाई, तो माणूस एवढा काळा कसा?" त्यांना गप्प करू नये. गप्प केलं की रंग ही लाजेची गोष्ट आहे, एवढंच ती शिकतात. कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, कुणाच्यात जास्त, कुणाच्यात कमी. ते उन्हापासून जपतं. त्याचा अकलेशी, स्वभावाशी काही संबंध नाही. एवढं उत्तर दुसरीच्या लेकरालाही पुरतं.

घरी मात्र त्याच लेकराच्या कानावर पडतं, "उन्हात हिंडू नको, काळी पडशील, मग कोण करून घेईल तुला?" आजीच्या मायेतून आलेलं हे बोलणं पोरीच्या मनात घर करतं. पालकसभेत फीस आणि गणवेशाइतकंच यावरही बोलायला हवं.

(दृश्य: नागसेनवन, मिलिंद महाविद्यालय.)

आणि रंगाबद्दल शिकवताना अमेरिकेतल्या वंशभेदापाशी थांबून चालणार नाही, आपल्याकडच्या जातिभेदावरही बोलायला हवं. तिथल्या अन्यायावर हळहळणं सोपं आहे, कारण तो आपल्या दारातला नाही. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिथले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. दोन्हीकडच्या दडपलेल्या माणसांच्या स्थितीत त्यांना मोठं साम्य दिसत होतं. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये मराठवाड्यातल्या पोरांसाठी इथं कॉलेज काढलं.

(दृश्य: गावातला जुना आड.)

मग वर्गातून प्रश्न येतोच, "सर, आपल्या गावात पाणवठे वेगळे का होते?" काही शिक्षक इथं धडा बदलतात. बदलू नये. कुणाला आडावर चढू देत नव्हते, कुणी अडवलं, ते नावं न घेता पण काही न लपवता सांगावं. ज्या लेकरांच्या घरच्यांनी ते सोसलं, त्यांना वर्गासमोर उभं करून साक्षीदार बनवू नये. त्यांना बोलावंसं वाटलं, तर तास संपला तरी ऐकून घ्यावं.