धाडकन गिअर पडतोय? आधी ऑइल बघा

नमस्कार श्रोते हो. आज ऑटोमॅटिक गाडीबद्दल बोलायचंय. गिअर बदलताना धक्का बसतो, डी मध्ये टाकलं की दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग गाडी धाडकन पुढं उडी मारते, असं ज्यांचं चाललंय त्यांनी ऐका. पहिल्यांदाच सांगून ठेवतो, आधी गिअरबॉक्सच्या ऑइलची लेव्हल बघा, आणि मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर इंजिन चालू ठेवून बघा. इंजिन चालू ठेवून. हे दोनदा का सांगतोय, ते आमच्या मामांची गोष्ट ऐकली की कळंल.

मामांनी जुनी सेकंड हँड ऑटोमॅटिक घेतली, गुडघे दुखतात, क्लच दाबवत नाही म्हणून. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघं बेळगावातनं गोव्यात साखळी गावाला मावशीकडं निघालो, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करून. सोबत दोन किलो कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई. (कुंदा फ्रीजमध्ये ठेवून दगड करून खायचा नसतो हो, जरा कोमट करून खावा, हे मी मावशीला दरवेळी सांगतो.) जाताना उतारच, काही कळलं नाही. येताना केरीपासून घाट चढायला लागलो आणि निम्म्यात गाडी ओढंना झाली. इंजिन नुसतं ओरडतंय, काटा वर जातोय, गाडी काय पुढं सरकंना, आणि मधेच गिअर पकडला की मागून कुणी लाथ घातल्यागत धक्का.

कसंबसं वर आलो, तिथनं सावकाश बेळगावात. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, गाडी बंदच होती, डिपस्टिक म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल मोजायची पट्टी ओढली, म्हणाले, "ऑइल फुल्ल हाय, गिअरबॉक्स गेलाय, खोलायला लागतोय, ऐंशी हजार धरा." मामा रात्रभर झोपले नाहीत.

मग खानापूरच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडं गेलो. मेस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, "मामा, आधी गाडी चालवून गरम करून आणा." आणली. सपाट जागेवर लावली, ब्रेकवर पाय, गिअरचा दांडा पार्किंगच्या पी पासून रिव्हर्सचा आर, न्यूट्रलचा एन, पुढं जायचा डी असा सावकाश फिरवून परत पी मध्ये, आणि इंजिन चालूच ठेवून डिपस्टिक काढली, पुसली, परत घालून काढली. टोकाला जेमतेम ओलावा! मामा म्हणाले, "अहो, काल फुल्ल होतं की." मेस्त्री म्हणाले, "काल गाडी बंद हुती." टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, त्यातलं ऑइल बंद गाडीत खाली पॅनमध्ये उतरतं, लेव्हल खोटी वर दिसते. इंजिन चालू झालं की पंप ते वर ओढतो, तेव्हा खरं किती उरलंय ते कळतं.

गेलं कुठं तर गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपचा क्लॅम्प ढिला. गाडी गरम होऊन प्रेशर आलं की झिरपायचं, आणि खालच्या पत्र्यावर साचायचं, म्हणून अंगणात एक थेंब दिसला नाही. ऑइल कमी पडलं की पंप हवा ओढतो, फेस होतो, प्रेशर पडतं, गिअर पकडणारे आतले क्लच घसरतात आणि मग एकदम पकडतात. तोच धक्का. क्लॅम्प बदलला, नरसाळं लावून थोडंथोडं करत दीड लिटर घातलं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच जातीचं. जास्त झालं तरी फेस होतोय, म्हणून थोडंथोडं. असे नाकानं आणि बोटानं गाडी ओळखणारे मेस्त्री आता कमी राहिलेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला पोरं यायला पाहिजेत, हे मला मनापासून वाटतं.

आता बाकीचं पटापट. ऑइल लालसर असेल तर चांगलं. काळपट आणि करपल्याचा वास असेल तर आतले क्लच जळायलेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरचं पाणी मिसळलंय, गाडी अजिबात चालवू नका, टो करून न्या. ऑइल ठीक असून एकाच गिअरला अडकली असेल तर स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा, सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडबंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), सेन्सर असं काहीतरी निघतं. इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारी रबरी बैठक, तुटलं तरी धाडधाड होतं, ते स्वस्तातलं काम, आधी बघून घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नाही, त्यांची लेव्हल ठरलेल्या टेंपरेचरला खालच्या बोल्टातून बघतात, घरी खटपट नको. सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, असेल तर सीव्हीटीचंच ऑइल, दुसरं चालत नाही. आणि 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडं जी एएमटी आली, तिचा गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच मशीन दाबते, तिथं गिअर बदलताना हलका झोका येणं रोगच नव्हे.

गॅरेजला जाताना एका कागदावर लिहून न्या, धक्का गाडी थंड असताना की गरम झाल्यावर, कितव्या गिअरला, चढाला की सपाटीला. आणि तो कागद मेस्त्रींच्या हातात द्या.